हुकलेल्या पार्सलची वाट पाहत घरी बसण्यापूर्वी: काय तपासावे, कोणाला कळवावे आणि कोणत्या क्रमाने

दारात अडकवलेली ‘आपण घरी नव्हता’ अशी चिठ्ठी किंवा त्याच अर्थाचा संदेश हाती पडला, की बहुतेक जण दुसऱ्या दिवशीची कामे पुढे ढकलतात, सकाळपासून घरात थांबतात आणि जिन्यात पावले वाजली की दाराशी जातात. संध्याकाळपर्यंत कोणी येत नाही आणि रात्री मोबाइलवर ‘वितरणाचा प्रयत्न अयशस्वी’ अशी आणखी एक नोंद उमटते. अख्खा दिवस खर्ची पडतो, पार्सल जिथे होते तिथेच राहते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. हा त्रास केवळ उशिराचा नाही. आंघोळीला जावे की नाही, पाच मिनिटे खाली उतरावे की नाही, अशा बारीकसारीक गोष्टींसाठी माणूस स्वतःच्याच घरात अडकून पडतो.

यातला बराचसा भाग टाळता येतो. चूक सहसा वाट पाहण्यात नसते. वाट पाहायला बसण्यापूर्वी जे करायचे राहून जाते, त्यात असते. म्हणून पुढचे सगळे टप्पे दोन नियमांवर आधारलेले आहेत. पहिला प्रयत्न का फसला हे कळून ते दुरुस्त झाल्याशिवाय दुसरा प्रयत्न मागू नये. आणि पार्सल आज गाडीत चढले आहे अशी नोंद दिसल्याशिवाय त्याच्यासाठी दिवस मोकळा ठेवू नये.

टप्पा १. पहिली दहा मिनिटे

डिलिव्हरी हुकल्याचे कळताच पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची असतात, कारण डिलिव्हरी करणारी व्यक्ती तेव्हा बहुधा त्याच परिसरात असते. एकाच इमारतीत किंवा एकाच गल्लीत तिला आणखी पार्सले द्यायची असू शकतात. या वेळात तक्रार लिहायला बसू नये. आधी कॉल यादी पाहावी. गेल्या अर्ध्या तासात अनोळखी क्रमांकावरून फोन येऊन गेला असेल, तर त्या क्रमांकावर लगेच फोन करावा. काही सेवा ग्राहक आणि डिलिव्हरी करणारी व्यक्ती यांना एका तात्पुरत्या मधल्या क्रमांकावरून जोडतात, त्यामुळे तो क्रमांक काही वेळाने लागेनासा होतो. संध्याकाळी निवांतपणे फोन करू म्हटले, तर तो दुवा तुटलेला असतो.

फोन लागला तर बोलणे अगदी थोडक्यात ठेवावे. ‘आपण आत्ता कुठे आहात? मी घरी आहे, पाच मिनिटांत खाली येऊ शकतो,’ एवढे पुरते. घंटा का वाजवली नाही, यावर त्या क्षणी वाद घातला तर परत येण्याची शक्यता कमी होते. त्या व्यक्तीसमोर दिवसभराच्या थांब्यांची यादी असते आणि प्रत्येक थांब्यावर काही ना काही नोंद करूनच तिला पुढे जायचे असते.

फोन लागला नाही तर घराच्या आसपास नीट शोध घ्यावा. पायपुसण्याखाली, वीजमीटरच्या पेटीमागे, जिन्याखालच्या कोपऱ्यात, पत्रपेटीत आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलावर पाहावे. मग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आणि वरच्या-खालच्या मजल्यावर विचारावे, कारण मजला चुकण्याचे प्रकार बरेच होतात.

चिठ्ठी मिळाली असेल तर ती फेकण्यापूर्वी उजेडात धरून पूर्ण वाचावी आणि तिचा फोटो काढून ठेवावा. माझ्या दाराच्या जाळीत एकदा अशी चिठ्ठी अडकवलेली होती. पावसाच्या शिंतोड्यांनी तिच्यावरची शाई पसरली होती आणि दोन चौकटींच्या मधोमध निळा डाग झाला होता. मी ती खूण ‘पुन्हा येऊ’ या चौकटीतली समजलो आणि दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू पार्सल घेऊन आल्या. खूण ‘शेजारी दिले’ या चौकटीतली होती आणि काकू मधले दोन दिवस गावाला गेल्या होत्या. तेव्हापासून मी चिठ्ठीवरच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचतो: प्रयत्नाची वेळ, खूण केलेले कारण, आणि पार्सल सध्या कुठे आहे याविषयीचा मजकूर.

तपासा: चिठ्ठीवर क्रमांक हाताने लिहिलेला असेल तर १ आणि ७ किंवा ० आणि ६ यांची गल्लत होऊ शकते. विक्रेत्याच्या संदेशातल्या क्रमांकाशी तो ताडून पाहावा.

टप्पा २. संदेश खरा आहे याची खात्री

चिठ्ठी नाही, फोन नाही, फक्त मोबाइलवर संदेश आला असेल, तर पुढे काहीही करण्यापूर्वी तो संदेश खरा आहे का हे पाहावे. वाट पाहून वैतागलेला माणूस घाईत असतो, आणि फसवणूक करणारे नेमका याच घाईचा फायदा घेतात. २०२१ मध्ये ‘फ्लूबॉट’ नावाचा घातक प्रोग्राम अनेक देशांत अँड्रॉइड फोनमध्ये शिरला, तो बहुतांशी पार्सलविषयीच्या खोट्या संदेशांतूनच. संदेशातली लिंक उघडून सांगितलेले ॲप घेतले, की बँकेच्या ॲपमधली माहिती चोरीला जाई. २०२२ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याची यंत्रणा मोडून काढली, पण तशाच धाटणीचे संदेश आजही येत असतात.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. संदेशातली लिंक उघडू नये. खरेदी ज्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर केली ते स्वतः उघडावे, तिथल्या ‘माझ्या ऑर्डर’ या भागातून ट्रॅकिंग क्रमांक घ्यावा आणि कुरिअर सेवेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तो क्रमांक तिथे घालावा. तिथेही अयशस्वी प्रयत्नाची नोंद असेल तरच संदेशाला अर्थ आहे. आपण काहीच मागवलेले नसेल तर घरातल्यांना विचारावे. कोणीच काही मागवले नसेल तर संदेश काढून टाकावा.

सावधान: ‘पुन्हा डिलिव्हरीसाठी किरकोळ रक्कम भरा’ असे सांगणाऱ्या लिंकवर कार्डाचा तपशील भरू नये. रक्कम किरकोळ असते, पण त्या लोकांना हवा असतो तो कार्डाचा तपशील.

सावधान: फोनवरची व्यक्ती डिलिव्हरीची खात्री करण्यासाठी तारांकन, दोन अंकी संकेत आणि एखादा मोबाइल क्रमांक असे काही डायल करायला सांगत असेल, तर ते करू नये. तारांकन आणि २१ यांनी सुरू होणारा संकेत आपले सर्व कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवतो, आणि मग कॉलवरून येणारे ओटीपीही तिकडेच जातात. असे चुकून झालेच, तर बहुतेक मोबाइल सेवांवर ##००२# डायल केल्याने कॉल वळवण्याच्या सर्व सूचना रद्द होतात.

टप्पा ३. ट्रॅकिंगची नोंद नीट वाचणे

सर्वांत जास्त दिवस वाया जातात ते या टप्प्यावर. ट्रॅकिंगच्या पानावर सर्वांत वर ठळक अक्षरांत एक अंदाजित तारीख असते आणि बहुतेक जण तीच पाहतात. ती तारीख हा अंदाज असतो. खरी माहिती खाली तारीख-वेळेसह उतरलेल्या नोंदींत असते, कारण त्यांतल्या बहुतेक नोंदी पार्सलवरचा बारकोड कोणीतरी प्रत्यक्ष स्कॅन केल्यावर तयार होतात. म्हणून पान उघडल्यावर आधी शेवटचा स्कॅन कोणत्या ठिकाणी आणि किती वाजता झाला ते पाहावे.

‘माहिती मिळाली’ किंवा ‘लेबल तयार’ अशी नोंद असेल तर पार्सल अजून कुरिअरच्या हातात पडलेलेच नसते. विक्रेत्याने फक्त कागद तयार केलेला असतो. या अवस्थेत कुरिअरला फोन करणे व्यर्थ आहे, विचारणा विक्रेत्याकडे करावी. ‘वर्गीकरण केंद्रात पोहोचले’ ही नोंद पार्सल प्रवासात असल्याची खूण आहे. ते केंद्र आपल्या भागाचे नसेल तर आज-उद्या दारात काही येणार नाही, असेच धरून चालावे. ‘वितरण केंद्रात पोहोचले’ याचा अर्थ ते आपल्या भागात आले आहे, पण गाडीत चढलेले नाही. ‘वितरणासाठी बाहेर’ ही एकच नोंद अशी आहे की जी पाहून दिवस मोकळा ठेवण्यात अर्थ आहे. ही नोंद साधारणपणे सकाळी, गाडी भरताना होते.

आता अयशस्वी प्रयत्नाच्या नोंदींकडे वळू, कारण पुढे काय करायचे हे त्यांच्या शब्दांवरच ठरते. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणजे दार उघडले गेले नाही किंवा फोन उचलला गेला नाही, एवढेच समजावे. घर सापडले नाही, वेळ संपली, फाटक बंद होते, अशा प्रसंगीही कधीकधी हेच कारण निवडले जाते. ‘पत्ता अपूर्ण’ अशी नोंद असेल तर पत्ता दुरुस्त केल्याशिवाय दुसरा प्रयत्न झाला तरी तोही फसण्याचीच शक्यता जास्त. ‘ग्राहकाने तारीख बदलली’ अशी नोंद आपण काहीही कळवलेले नसताना दिसली, तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी. सर्वांत तातडीची नोंद म्हणजे ‘ग्राहकाने नाकारले’. इतर कारणांत आणखी प्रयत्न होतात, पण नाकारलेले पार्सल थेट परतीच्या वाटेला लागते. ही नोंद चुकीची असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच तासात विक्रेता आणि कुरिअर या दोघांनाही कळवावे.

परदेशातून टपालाने येणाऱ्या पार्सलांची एक वेगळी अडचण असते. त्यांचा क्रमांक बहुधा १३ चिन्हांचा असतो: सुरुवातीला दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. ही रचना जागतिक टपाल संघाच्या मानकाप्रमाणे ठरलेली आहे. नऊ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या आठ अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे क्रमांक टाइप करताना एखादा अंक चुकला तर यंत्रणा तो सहसा स्वीकारत नाही. शेवटची दोन अक्षरे पाठवणाऱ्या देशाची असल्यामुळे लोक त्याच देशाच्या टपाल खात्याच्या पानावर रोज पाहत राहतात. पार्सल आपल्या देशात उतरल्यावर मात्र ताज्या नोंदी आपल्या टपाल खात्याच्या पानावर आधी दिसण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तिथेही तोच क्रमांक घालून पाहावे.

तपासा: पुढच्या टप्प्याकडे जाण्यापूर्वी चार गोष्टींची उत्तरे कागदावर लिहिलेली असावीत. शेवटचा स्कॅन कुठे झाला, किती वाजता झाला, प्रयत्न फसल्याचे कारण काय दिले आहे आणि आतापर्यंत किती प्रयत्न झाले आहेत. प्रयत्नांची संख्या मर्यादित असते आणि ती सेवेनुसार बदलते. ती संपली की पार्सल ठरावीक मुदतीपर्यंत केंद्रात राहते किंवा परत जाते.

टप्पा ४. प्रयत्न फसण्याचे कारण दूर करणे

पत्त्यापासून सुरुवात करावी. खरेदीच्या ॲपमध्ये जतन केलेला पत्ता आपण वर्षानुवर्षे पुन्हा वाचत नाही. तो उघडून, या भागात प्रथमच येणारा माणूस केवळ या ओळींवरून दारापर्यंत पोहोचेल का, असे स्वतःला विचारावे. घराचा क्रमांक, मजला, इमारतीचे नाव, कोणत्या फाटकातून आत यायचे आणि जवळची ठळक खूण, हे सारे या क्रमाने यावे. खूण निवडताना ‘जुन्या दुकानासमोर’ असे लिहू नये. त्या दुकानाची पाटी बदलली असेल तर ती खूण फक्त जुन्या रहिवाशांना कळते. नकाशावर लावलेली खूण पत्त्याच्या ओळींइतकीच महत्त्वाची आहे, कारण गाडी चालवणारी व्यक्ती अनेकदा ओळी वाचण्यापूर्वी नकाशाच्या मागे जाते. ती खूण मागच्या गल्लीत लागली असेल, तर पत्ता बिनचूक असूनही ती व्यक्ती भिंतीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहते.

मग मोबाइल क्रमांक पाहावा. जुना क्रमांक, घरातल्या दुसऱ्याच व्यक्तीचा क्रमांक किंवा दिवसभर कामावर फोन बंद ठेवणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक नोंदवलेला असेल, तर बाकी सगळी तयारी फुकट जाते. अनोळखी कॉल आपोआप गप्प करणारी किंवा अडवणारी सोय फोनमध्ये चालू असेल, तर डिलिव्हरीच्या दिवसापुरती ती बंद करावी. ‘व्यत्यय नको’ ही सोय ठरावीक वेळी आपोआप सुरू होत असेल तर तीही पाहावी. मी घरीच होतो, पण फोन आलाच नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या फोनमध्ये तो कॉल अडवलेल्या कॉलच्या वेगळ्या यादीत निमूट पडलेला असतो.

शेवटी दार. कोणाला तरी बाहेर उभे करून घंटा वाजवायला सांगावे आणि स्वतः घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, पंखा चालू ठेवून आणि दार लोटून बसावे. आवाज ऐकू आला नाही, तर कुरिअरवाला येऊन गेला आणि आपल्याला कळले नाही, हे शक्य आहे असे मान्य करावे. बिनतारी घंटेची बॅटरी उतरली की घंटा कधी वाजते, कधी वाजत नाही, आणि घरातले लोक किल्लीने आत येत असल्यामुळे ते महिनोन्महिने लक्षात येत नाही.

सावधान: पार्सल एकदा गाडीत चढल्यानंतर ॲपमध्ये पत्ता बदलला तरी तो त्या दिवशीच्या यादीत पोहोचेलच असे नाही. बदल आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत करावा आणि बदल नोंदवला गेल्याचा संदेश जपून ठेवावा.

टप्पा ५. थांबायचे, आणायला जायचे की दुसऱ्याच्या हाती द्यायचे

पुन्हा घरीच थांबणे हा एकच मार्ग नाही, आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा सर्वांत महाग मार्ग असतो. पार्सल मिळायला उशीर झाला तरी चालणार असेल, तर आपण नक्की घरी असू असा दिवस निवडून तारीख पुढे ढकलावी. ते तातडीचे असेल, म्हणजे औषध, कागदपत्रे किंवा प्रवासापूर्वी हवी असलेली वस्तू असेल, तर ते केंद्रातच ठेवायला सांगून स्वतः जाऊन आणावे.

आणायला जाण्याची वेळ मात्र लोक हमखास चुकवतात. सकाळी डिलिव्हरी हुकली की ते दुपारीच केंद्रावर पोहोचतात, आणि पार्सल तिथे नसते. ते अजून गाडीत, इतर थांब्यांवर फिरत असते. दिवसाची फेरी संपवून गाडी परतली, उरलेली पार्सले उतरवून पुन्हा स्कॅन झाली, की मगच ते खिडकीवर मिळू शकते. म्हणून ‘केंद्रात परत आले’ अशी नोंद पाहूनच निघावे, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी आणि त्या दिवशीची गाडी सुटण्यापूर्वी. आपण घ्यायला येत आहोत हे आदल्या रात्री कळवलेले नसेल, तर सकाळी तेच पार्सल पुन्हा गाडीत चढते. मग आपण केंद्राच्या खिडकीशी उभे असतो आणि पार्सल आपल्या घराच्या वाटेवर असते. असा हेलपाटा फार जिव्हारी लागतो.

सोबत छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र, ट्रॅकिंग क्रमांक आणि चिठ्ठी न्यावी. दुसऱ्याला पाठवायचे असेल तर आपले सहीचे पत्र, आपल्या ओळखपत्राची प्रत आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे ओळखपत्र लागू शकते. नेमके काय लागते ते आधी फोनवर विचारून घ्यावे.

शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगणे सोयीचे असते, पण तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: त्यांची संमती, त्यांचे नाव आणि क्रमांक सूचनेत नीट लिहिणे, आणि ओटीपी लागत असेल तर तो त्यांच्यापर्यंत कसा पोहोचणार. पैसे पार्सल घेताना द्यायचे असतील तर ते आधी शेजाऱ्यांकडे देऊन ठेवावेत. संकलन केंद्र किंवा पार्सल लॉकर जवळ असेल आणि वस्तू लहान असेल, तर तो पर्याय घरी थांबण्यापेक्षा केव्हाही बरा. फक्त लॉकरमध्ये पार्सल किती दिवस राहते ते पाहून ठेवावे.

सावधान: ‘दाराबाहेर ठेवा’ अशी सूचना दिल्यावर पार्सल नाहीसे झाले, तर दाद मागणे कठीण होते, कारण तिथे ठेवण्याची परवानगी आपणच दिलेली असते. मौल्यवान वस्तूसाठी ही सूचना देऊ नये.

टप्पा ६. आदल्या संध्याकाळची तयारी

घरी थांबायचेच ठरले, तर आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटे काढावीत. ट्रॅकिंगमध्ये दुसऱ्या प्रयत्नाची तारीख दिसते का ते पाहावे. नुसते ‘पुन्हा प्रयत्न केला जाईल’ असे असेल आणि तारीख नसेल, तर ग्राहक सेवेकडून तारीख लेखी मागून घ्यावी. फोनवर कोणी ‘उद्या नक्की येईल’ असे म्हटले, तर तक्रार क्रमांक विचारावा. तो क्रमांक नसेल तर त्या आश्वासनाची कुठेही नोंद नसते आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलणाऱ्या व्यक्तीला त्याबद्दल काहीच माहीत नसते.

दारावर डोळ्यांच्या उंचीला मोठ्या अक्षरांत एक कागद लावावा: ‘घरी आहोत. घंटा ऐकू आली नाही तर कृपया दार वाजवावे किंवा फोन करावा.’ त्यावर मोबाइल क्रमांक लिहू नये, तो पार्सलवर असतोच. इमारतीला सुरक्षारक्षक असेल तर त्याला सांगून ठेवावे, आणि रात्री-दिवसा पाळी बदलत असेल तर सकाळच्या पाळीवर येणाऱ्यालाही. फोन पूर्ण चार्ज करावा, सुटे पैसे काढून ठेवावेत आणि ओळखपत्र दाराजवळ ठेवावे.

टप्पा ७. वाट पाहण्याचा दिवस

सकाळी उठल्यावर ‘वितरणासाठी बाहेर’ ही नोंद आली का ते पाहावे. गाड्या भरून निघण्याची वेळ उलटून गेली, सकाळ सरत आली आणि तरीही ती नोंद नसेल, तर ग्राहक सेवेला फोन करून पार्सल आजच्या गाडीत आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारावा. नाही म्हणाले तर दिवस मोकळा करून आपल्या कामाला लागावे. ही एक विचारणा केली असती, तर कित्येकांचे अख्खे दिवस वाचले असते, असे मला मनापासून वाटते.

नोंद आली असेल तर दिलेल्या वेळेच्या तासभर अलीकडे आणि तासभर पलीकडे घरी राहण्याची तयारी ठेवावी. काही सेवा नकाशावर गाडी दाखवतात किंवा आपल्या आधी किती थांबे आहेत ते सांगतात. थांब्यांचा आकडा पाहून अंदाज बांधावा, नकाशावरच्या अंतरावरून नको. दोन गल्ल्या पलीकडे दिसणारी गाडी आधी दुसऱ्या बाजूला जाऊन दोन तासांनी आपल्याकडे येऊ शकते.

या वेळेत मोबाइल हातात आणि घंटा ऐकू येईल अशा खोलीत राहावे. दर पाच मिनिटांनी पान उघडून काही हाती लागत नाही. नोंद प्रत्यक्ष स्कॅन झाल्यावरच बदलते आणि मधल्या वेळात फक्त जीव टांगणीला लागतो. सूचनांचा आवाज चालू ठेवून बसून करण्यासारखे एखादे काम हाती घ्यावे. घरात दोघे असतील तर वेळ वाटून घ्यावी आणि आत्ता दार कोणाकडे आहे हे एकमेकांना स्पष्ट सांगावे. दोघेही घरात असताना डिलिव्हरी हुकते, ती दुसरा उघडेल असे प्रत्येकाने धरल्यामुळे.

सावधान: ओटीपी पार्सल समोर आल्यावर आणि त्यावरचे नाव वाचल्यावरच सांगावा. ‘मी येतोच आहे, आधी ओटीपी द्या’ अशा फोनवर तो दिला, की नोंदीत पार्सल पोहोचलेले दिसते आणि हातात काहीच नसते.

टप्पा ८. घरी असूनही पुन्हा हुकले तर

आता फोनवरच्या बोलण्यावर थांबू नये, लेखी तक्रार करावी आणि ती त्याच दिवशी करावी. तक्रारीत राग ओतला तर तो वाचणाऱ्याला काय करायचे ते कळत नाही. वेळ, पुरावा आणि मागणी या क्रमाने लिहिलेल्या मजकुरावर कारवाई करणे सोपे जाते. नमुना असा:

‘पार्सल क्रमांक अमुक. दिनांक १२ रोजी सकाळी ९.१० वाजता वितरणासाठी बाहेर अशी नोंद झाली. दुपारी २.४० वाजता ग्राहक उपलब्ध नाही अशी नोंद झाली. त्या वेळी मी घरी होतो. घंटा वाजली नाही आणि फोन आला नाही. दुपारी १ ते ४ या वेळेतील कॉल यादीचे चित्र सोबत जोडले आहे. कृपया त्या प्रयत्नाच्या वेळचे स्थान आणि केलेल्या कॉलची नोंद तपासावी, पुढील प्रयत्नाची तारीख कळवावी आणि तोपर्यंत पार्सल परत पाठवू नये.’

यातली स्थानाची मागणी महत्त्वाची आहे. डिलिव्हरी करणाऱ्या व्यक्तीच्या यंत्रात अनेकदा नोंदीच्या वेळचे स्थान साठवले जाते. नोंद आपल्या घरापासून दूर झाली असेल, तर प्रयत्न दारापर्यंत झालाच नाही हे तिथेच स्पष्ट होते. आणि ती नोंद खरोखर आपल्या दाराशी झालेली निघाली, तर चौथ्या टप्प्याकडे परत जावे.

हीच तक्रार विक्रेत्यालाही पाठवावी. पुष्कळ जण फक्त कुरिअरच्या मागे लागतात. पण कुरिअरशी व्यवहार विक्रेत्याने केलेला असतो, पैसे त्याने भरलेले असतात आणि भरपाईचा दावाही सहसा त्यालाच करावा लागतो. पार्सल थांबवणे, पत्ता बदलणे, परत मागवणे हेही त्याच्या सूचनेवरून लवकर होते. आपला व्यवहार विक्रेत्याशी आहे, त्यामुळे वस्तू किंवा पैसे त्याच्याकडेच मागावेत. ‘कुरिअरशी बोला’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

पार्सल परतीच्या वाटेला लागले असेल, तर ते मधेच फिरवून आणण्याच्या खटपटीत दिवस घालवू नयेत. उलट दिशेने निघालेले पार्सल आपल्याकडे वळवणे क्वचितच साधते. परताव्याची किंवा नव्याने पाठवण्याची मागणी लेखी करावी, आणि नव्याने पाठवताना जुना पत्ता तसाच उचलला जाणार नाही हे विक्रेत्याकडून वदवून घ्यावे. हा शेवटचा भाग सुटला, तर दुसरे पार्सलही त्याच चुकीच्या फाटकाशी जाऊन परत फिरते.

टप्पा ९. पार्सल हातात आल्यावर

सही करण्यापूर्वी खोक्याच्या सहाही बाजू पाहाव्यात. चिकटपट्टी दुहेरी लावलेली असेल, कोपरा दबलेला असेल किंवा वजन अगदीच कमी वाटत असेल, तर डिलिव्हरी करणारी व्यक्ती समोर असतानाच फोटो काढावा आणि पावतीवर तसा शेरा लिहावा. खोके उघडतानाचे चित्रण लेबलपासून सुरू करून न थांबवता करावे, म्हणजे तेच पार्सल उघडले जात आहे हे दिसते. ट्रॅकिंगमध्ये ‘पोहोचले’ अशी नोंद झाल्याची खात्री करावी. ती झाली नसेल आणि पार्सल आपल्याकडे असेल, तर विक्रेत्याला कळवावे, नाहीतर मिळालेल्या पार्सलसाठी पुन्हा कोणीतरी दारात येईल किंवा ते हरवल्याची चौकशी सुरू होईल. मग दारावरचा कागद काढावा, फोनमधल्या बंद केलेल्या सोयी पूर्ववत कराव्यात आणि दुरुस्त केलेला पत्ता इतर सर्व खरेदीच्या ॲपमध्येही तसाच भरून ठेवावा.